वाचक विचारतात : मार्क ट्वेन, एक जुळारी

मागच्या अंकात या पानावर अमेरिकन लेखक मार्क ट्वेनबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यात ‘हा माणूस आमच्या धंद्यातला’ असं एक वाक्य होतं. त्यावरून बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेतो आहे.

‘आमच्या धंद्यातला’ म्हणजे कुठल्या? ट्वेन लेखक, तुम्हीही लिहिता, एवढंच ना?
— एक वाचक, सांगली

नाही हो. मी छापखान्याबद्दल बोलत होतो. चौदाव्या वर्षी काकांच्या छापखान्यात केससमोर, म्हणजे घरं पाडलेल्या अक्षरांच्या पेटीसमोर, उभा राहिलो आणि बत्तीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. प्रुफं वाचणं, हे सदर लिहिणं, हे सगळं त्यानंतरचं. जुन्या लोकांनी आम्हाला ‘जुळारी’ हा फार नेमका शब्द दिला होता. ट्वेन हा पहिल्यापासून जुळारी.

१८४७ साली वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. मिसूरी राज्यातलं हॅनिबल हे नदीकाठचं गाव, घरात कर्ज. पुढच्याच वर्षी आईने त्याला गावातल्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात उमेदवारीला घातलं. पगार नाही, जेवण आणि कपडे एवढंच. कपडे म्हणजे मालकाचे वापरलेले, याच्या अंगावर गोणपाटासारखे लोंबणारे. पुढे थोरल्या भावाने, ओरायनने, स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, तिथेही हाच खिळे जुळवायला. सतराव्या वर्षी घर सोडलं आणि सेंट लुईस, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांत हातातल्या कसबावर पोट भरत हिंडला. शाळा सुटली होती. जे काही वाचन झालं ते दुसऱ्यांचा मजकूर जुळवताना आणि मोकळ्या वेळात सार्वजनिक वाचनालयांत.

ज्यांनी छापखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. डाव्या हातात स्टिक असते, म्हणजे ओळ जुळवायची छोटी चौकट. उजवा हात केसच्या घरांकडे न बघता जातो, एक एक खिळा उचलतो, त्याच्या अंगावरची खाच बोटाला लागली की कळतं, बाजू बरोबर आहे. डावा अंगठा शेवटच्या खिळ्यावर दाबून. अक्षरं उलटी दिसतात आणि ती तशीच वाचायची सवय होते. ओळ भरली की शब्दांमधल्या फटी कमीजास्त करून ती दोन्ही कडांना घट्ट बसवायची. छपाई झाली की तेच खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात सोडायचे.

या कामात वाक्य अक्षराअक्षराने बोटांखालून जातं. फुकटचा शब्द असेल तर तो बोटांना जड होतो. ट्वेनच्या लिहिण्यात शब्द जागच्या जागी बसलेला असतो, त्याचं एक कारण मला इथे दिसतं. नेमका शब्द आणि जवळपासचा शब्द यांत वीज आणि काजव्याइतकं अंतर असतं, असं त्याने लिहिलंय. ही समज त्याला स्टिक हातात धरल्यापासून आली असावी, असं माझं मत आहे.

मार्क ट्वेन हे टोपणनाव कसं आलं?
— एक शिक्षक, वाई

खरं नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. जन्म ३० नोव्हेंबर १८३५. छापखाना सोडून तो मिसिसिपी नदीवर आगबोटीचा सुकाणू धरायला शिकला आणि १८५९ साली त्याला पायलटचा परवाना मिळाला. नदीची खोली मोजणारा खलाशी शिसं बांधलेली दोरी टाकून ओरडून आकडा सांगायचा. ‘मार्क ट्वेन’ म्हणजे दुसरी खूण, दोन वाव, बारा फूट पाणी. बोट सुखरूप जाईल इतकं. १८६१ साली यादवी युद्ध सुरू झालं, नदीवरची वाहतूक थांबली, आणि तो पश्चिमेला नेवाडात गेला. तिथल्या एका वर्तमानपत्रात १८६३च्या फेब्रुवारीत हे नाव पहिल्यांदा छापलं गेलं.

नदीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. धाकट्या भावाला, हेन्रीला, ‘पेनसिल्व्हेनिया’ बोटीवर त्यानेच काम मिळवून दिलं होतं. त्या बोटीच्या पायलटशी याचं भांडण झालं आणि हा उतरून दुसऱ्या बोटीने निघाला. जून १८५८ मध्ये ‘पेनसिल्व्हेनिया’चे बॉयलर फुटले. मेम्फिसला भाजलेल्या हेन्रीच्या उशाशी हा बसून होता. तो वाचला नाही. ते ओझं ट्वेनने जन्मभर वागवलं.

इतकी पुस्तकं खपत असताना ट्वेनचं दिवाळं निघालंच कसं? एवढा चतुर माणूस फसला कसा?
— निवृत्त इंजिनिअर, नाशिक

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस दुसरं काही लिहू शकलो नाही, कारण याचं उत्तर मला पुस्तकांबाहेरही माहीत आहे.

ट्वेनला ज्याने बुडवलं ते खिळे जुळवायचं यंत्र होतं. जेम्स पेज नावाच्या माणसाने ते बनवलं होतं. १८८० पासून ट्वेनचा पैसा त्यात जाऊ लागला आणि पुढे पुढे तर महिन्याला तीन हजार डॉलर. त्या काळचे. यंत्राला अठरा हजार सुटे भाग होते. लोक म्हणतात, लेखकाला यंत्रातलं काय कळणार, भुलला बिचारा. मी म्हणतो, तो भुलला कारण त्याला कळत होतं. पेजचं यंत्र माणसाच्या हाताने चालणारं सगळं काम करायचं: खिळा उचलायचं, ओळ लावायचं, फटी मोजून ओळ घट्ट बसवायचं आणि वापरलेले खिळे परत ज्याच्या त्याच्या घरात सोडायचं. ज्याने बारा-तेराव्या वर्षी रात्री डोळे ताणून खिळे सोडलेत, त्याच्यासमोर लोखंडाच्या बोटांनी ते काम होताना पाहिल्यावर त्याचं काय होईल? जानेवारी १८८९ मध्ये यंत्राने पहिल्यांदा स्वतःहून ओळ बरोबर बसवली तेव्हा हा तिथे हजर होता, आणि त्याने ती वेळ आपल्या टिपणवहीत नोंदवून ठेवली. जन्मपत्रिकेसाठी वेळ टिपावी तशी.

पण तोपर्यंत बाजी दुसऱ्याने मारली होती. ओटमार मर्गेन्थालर हा जर्मनीतून आलेला घड्याळजी. खिळे जुळवण्यात त्याचा हात बसलेला नव्हता, म्हणून हाताची नक्कल करायची हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं नव्हतं. त्याने खिळा उचलायचंच सोडून दिलं. त्याच्या यंत्रात अक्षरांचे साचे ओळीत येतात, त्यांवर तापलेलं शिसं ओततात आणि अख्खी ओळ एकसंध बाहेर पडते. छापून झालं की वितळवा. खिळे परत सोडायचा प्रश्नच उरला नाही. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये ते यंत्र चालू झालं, तेच लायनोटाइप. पेज मात्र आपलं यंत्र खोलून पुन्हा सुधारत बसला. १८९४ साली शिकागोच्या एका वर्तमानपत्रात त्याची परीक्षा झाली. चालायचं तेव्हा झपाट्याने चालायचं. पण पुन्हा पुन्हा मोडायचं. वर्ष संपता संपता सगळं आटोपलं. एक यंत्र आजही ट्वेनच्या हार्टफर्डच्या घरात, आता ते संग्रहालय आहे, ठेवलेलं आहे.

१८९४च्याच एप्रिलमध्ये ट्वेनची प्रकाशनसंस्थाही बुडाली. याच संस्थेने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जनरल ग्रँट यांच्या आठवणी छापून त्यांच्या विधवेच्या हाती १८८६ साली दोन लाख डॉलरचा धनादेश ठेवला होता. दिवाळखोरी जाहीर केल्यावर कायद्याने देणेकऱ्यांना थोडेबहुत देऊन सुटता आलं असतं. बायको लिव्ही आणि मित्र हेन्री रॉजर्स दोघंही म्हणाले, पै न पै द्यायची. साठीला टेकलेला हा माणूस १८९५च्या जुलैत जगभर व्याख्यानं द्यायला निघाला आणि १८९८ पर्यंत सगळं फेडून मोकळा झाला.

आता माझं. आमच्या शहरात पहिले संगणक आले होते तेव्हा मी कर्ज काढून जुनं सिलिंडर मशीन घेतलं. मला त्यातला प्रत्येक आवाज ओळखता येत होता, म्हणूनच घेतलं. सहा वर्षांनी छापखाना बंद केला. खिळे किलोवर गेले. भंगारवाल्याने केसची घरं पोत्यात उपडी केली, अ, आ, वेलांट्या, रफार सगळं एकत्र, आणि तराजूला लावलं. काकांची स्टिक तेवढी दिली नाही. त्यामुळे ट्वेनला कोणी मूर्ख म्हणालं की मला सहन होत नाही.

आमच्या वर्गात ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ या कादंबरीवर वाद झाला. काळ्या लोकांसाठीचा तो घाणेरडा शब्द त्यात २१९ वेळा आहे. मग हे पुस्तक वर्णद्वेषी म्हणायचं की नाही?
— बी.ए.ची विद्यार्थिनी, चिपळूण

तू आकडा बरोबर दिला आहेस, आणि प्रश्नही खरा आहे. तो शब्द ज्यांना उद्देशून वापरला जायचा त्यांची मुलं वर्गात बसलेली असतात. त्यांना तो टोचतो, हे कुठल्याही पांडित्याने पुसता येत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत एक आवृत्ती निघाली, तिच्यात त्या शब्दाच्या जागी ‘गुलाम’ घातलं आहे. मला ते पटत नाही. जुळाऱ्याने मूळ प्रत बदलायची नसते. पण शिकवणाऱ्याने तो शब्द सहज उच्चारून पुढे जाऊ नये, हेही तितकंच खरं.

आता पुस्तकाकडे ये. एक प्रसंग सांगतो, तेविसावं प्रकरण. पळून आलेला गुलाम जिम तराफ्यावर पहाटे एकटाच कण्हत बसलाय. पुस्तकाचा नायक, पोरगेला हक, विचारतो तेव्हा जिम सांगतो: चार वर्षांच्या मुलीला लाल पुरळाचा ताप येऊन गेला होता. बरी झाल्यावर एक दिवस मी तिला म्हटलं, दार लाव. ती नुसती उभी, हसत माझ्याकडे बघत. पुन्हा सांगितलं, तरी तशीच. मी थोबाडीत मारली. थोड्या वेळाने परत आलो तर दार उघडंच आणि ती उंबऱ्यात रडत उभी. मी तिच्यावर धावून जाणार तेवढ्यात वाऱ्याने तिच्या पाठीमागचं दार धाडकन आपटलं. पोर हललीसुद्धा नाही. मग मी हळूच मागे गेलो आणि तिच्या कानाशी जोरात ओरडलो. नाही हलली. ती ठार बहिरी झाली होती.

ज्या देशात काल-परवापर्यंत या बापाला बाजारात विकत होते, त्या देशात १८८५ साली हे छापलं गेलं. आणि एकतिसावं प्रकरण तू वाचलंच असशील. हक जिमच्या मालकिणीला पत्र लिहितो, तुमचा गुलाम इथे आहे. चर्चच्या रविवारच्या शाळेत हेच शिकवतात, हे त्याला ठाऊक आहे, की गुलामाला पळायला मदत करणारा नरकात जातो. तो पत्र हातात धरतो, श्वास रोखतो आणि म्हणतो, ठीक आहे, मग जाईन नरकात. पत्र फाडतो. तो शिकवणुकीला खोटी म्हणत नाही, ती खरी मानूनच माणसाच्या बाजूने उभा राहतो. याच्या तोडीचं पान मी फार थोड्या पुस्तकांत वाचलं आहे. शेवटची प्रकरणं मात्र, हकचा मित्र टॉम सॉयर येऊन जिमला खेळणं करतो ती, मला आजही खटकतात. ती तुला खटकली असतील तर तुझं वाचन बरोबर आहे.

लेखक कुठून आला हेही बघ. त्याच्या घरी गुलाम होते. सँडी नावाचा एक लहान काळा मुलगा मेरीलँडहून आणलेला, घरच्यांपासून तोडलेला. तो दिवसभर गायचा, ओरडायचा, हसायचा. एक दिवस छोटा सॅम वैतागून आईला म्हणाला, त्याला गप्प कर. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, तो गातो तेव्हा त्याला आई आठवत नसते, म्हणून मला बरं वाटतं. गप्प बसला की मला भीती वाटते. त्याची आई त्याला पुन्हा कधी दिसायची नाही. म्हाताऱ्या ट्वेनने ही आठवण आत्मचरित्रात सांगितली आहे. तुझ्या वर्गात वाद पुन्हा निघाला तर ही वाचून दाखव.

आणि छापखान्यातली एक हकिकत. या पुस्तकाच्या एका चित्राच्या ठशात कोणीतरी कारागिराने गुपचूप खोडी करून ते अश्लील केलं. विक्रेत्यांना नमुना-प्रती गेल्यावर ते लक्षात आलं. पाचशे डॉलरचं बक्षीस लावूनही माणूस सापडला नाही. छापलेल्या प्रतींतून ते पान कापून नवं चिकटवावं लागलं, आणि नाताळात यायचं पुस्तक अमेरिकेत फेब्रुवारी उजाडल्यावर आलं. लगेच मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कर्ड गावच्या वाचनालयाने ते हलकं ठरवून कपाटातून काढून टाकलं.

ट्वेन मुंबईत येऊन गेले, हे खरं का?
— एक वाचक, गिरगाव

खरं. कर्ज फेडायच्या त्या दौऱ्यातच. जानेवारी १८९६. उतरले वॉटसन हॉटेलमध्ये, काळा घोड्याजवळची ती लोखंडी सांगाड्याची इमारत, आता एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाते. सर्दी-खोकल्याने सुरुवातीला खोलीतच पडून होते, त्यामुळे मुंबईच्या कावळ्यांशी चांगली ओळख झाली. नॉव्हेल्टी थिएटरात व्याख्यानं झाली.

पण मला महत्त्वाची वाटते ती हॉटेलातल्या खोलीची गोष्ट. सामान लावून द्यायला एक धिप्पाड युरोपीय माणूस आणि त्याच्यासोबत काही देशी नोकर आले. गच्चीकडच्या दाराचं काहीतरी काम होतं. एक नोकर गुडघ्यावर बसून ते करू लागला. बहुधा चुकला असावा. गोऱ्याने काय चुकलं ते सांगण्याआधी त्याच्या जबड्यावर फटका मारला. नोकर काही बोलला नाही, चेहऱ्यावर रागही नाही. ट्वेन लिहितो, पन्नास वर्षांत असं पाहिलं नव्हतं, आणि एका क्षणात मी माझ्या गावी पोचलो. गुलामाला काय हवं ते समजावण्याची तिकडे हीच पद्धत होती, हे तो विसरून गेला होता. दहा वर्षांचा असताना त्याने एका माणसाला आपल्या गुलामावर लोखंडाच्या खनिजाचा गोळा फेकताना पाहिलं होतं, काम जरा वेडंवाकडं झालं म्हणून. गोळा कवटीवर आदळला, माणूस पडला आणि तासाभरात मेला.

१८९७च्या त्याच्या प्रवासपुस्तकात हे आहे. मुंबईचे रंग आणि बाजार यांची वर्णनं सगळे उद्धृत करतात. या पानाकडे फारसं कोणी वळत नाही. मिसूरी आणि मुंबई एका थपडेने जोडली गेली.

‘माझ्या मृत्यूची बातमी फारच फुगवलेली आहे’ हे वाक्य त्यांचंच ना? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येणारी बाकीची?
— एक वाचक, ठाणे

जवळपास त्यांचंच. १८९७ मध्ये लंडनमध्ये त्यांचा एक चुलतभाऊ आजारी होता, बातमी याच्या नावावर खपली. एका अमेरिकन वार्ताहराने चौकशी केली तेव्हा यांनी लिहून दिलं, ‘माझ्या मृत्यूची बातमी ही अतिशयोक्ती होती.’ ‘फारच’ नंतर लोकांनी चिकटवलं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या वाक्यांपैकी पुस्तकाचं नाव आणि प्रकरण सांगता येईल तीच पुढे पाठवा.

ट्वेनच्या मुलीच्या मृत्यूबद्दल मागच्या अंकात तुम्ही एका ओळीत उरकलंत. मूल गमावलेला बाप पुढे काय लिहितो, ते मला जाणून घ्यायचं आहे.
— एक वाचक, नागपूर

माझं चुकलं. एका ओळीत उरकायची ती गोष्ट नव्हती.

दौरा संपवून ट्वेन इंग्लंडमध्ये गिल्डफर्डला थांबला होता. थोरली सूझी अमेरिकेतच राहिली होती. तिच्या आजाराची तार आल्यावर लिव्ही आणि मधली मुलगी क्लारा बोटीने निघाल्या. त्या अर्ध्या समुद्रात असताना, १८ ऑगस्ट १८९६ ला सूझी हार्टफर्डच्या घरात मेनिंजायटिसने गेली. चोविसाव्या वर्षी. हा जेवणाच्या खोलीत उभा असताना तार त्याच्या हातात पडली. त्या घरात ते कुटुंब पुन्हा राहायला गेलं नाही. पुढे १९०४ मध्ये लिव्ही गेली, १९०९च्या नाताळच्या आदल्या दिवशी धाकटी जीन गेली, आणि २१ एप्रिल १९१० ला तो स्वतः.

तुम्ही विचारलंत, पुढे काय लिहितो. तो पुष्कळ लिहीत राहिला, बरंचसं काळोखाने भरलेलं. पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते त्याने जे बदललं नाही त्याबद्दल.

सूझी तेरा वर्षांची असताना, १८८५ मध्ये, तिने कोणाला न सांगता वडिलांचं चरित्र लिहायला घेतलं होतं. सुरुवातीलाच तिने लिहिलंय की आमचं कुटुंब फार सुखी आहे, पप्पा, मम्मा, जीन, क्लारा आणि मी. शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी. ट्वेनने म्हातारपणी आत्मचरित्र सांगताना त्यात या वहीतले उतारे घातले आणि बजावून ठेवलं की तिचा एक शब्द, एक अक्षर बदलणार नाही. चुका आहेत तशा राहतील. लहानपणापासून दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करत आलेला जुळारी हा. मीही पुष्कळ वर्षं प्रुफं वाचली आहेत. चुकून खोडलेला शब्द ठेवायचा असेल तर त्याखाली ठिपके द्यायचे, समासात ‘तसंच’ लिहायचं. त्या उताऱ्यांवरून डोळे फिरवताना माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो आणि थांबतो.

वही १८८६च्या जुलैत संपते. सगळे ट्वेनच्या आईला भेटायला केओककला गेले होते. तरुणपणी भावाच्या छापखान्यात त्याने खिळे जुळवले होते ते हेच गाव. सूझीने तारीख घातली आहे, ४ जुलै. आम्ही केओककला पोचलो आहोत, असं लिहिलंय, आणि प्रवास कसा झाला ते सांगायला ‘अतिशय सुखाच्या’ इतके शब्द लिहून ती उठली असावी. ते वाक्य पुढे कोणी पुरं केलेलं नाही.